विंचवाच्या गाडीचं तेल

पुण्याहून पुतण्या आला की आधी त्याची गाडी येते आणि तो मागाहून. म्हणजे असं, की गाडी पडवीसमोर थांबते, दिवे विझतात, कुत्रं भुंकून गप्प होतं, तरी इंजिन चालूच असतं आणि हा आत बसून. फोनवर बोलत नाही, काही शोधत नाही. मिनिटभराने, कधी जरा जास्तच वेळाने, किल्ली फिरते, मग दार उघडतं, मग "काका, बरे आहात ना?" वहिनीला हे पहिल्यापासून आवडत नाही. एवढा ताम्हिणी उतरून आलेला पोरगा स्वतःच्या दारात बसून राहतो, त्याला घरात यायला काय आमंत्रण धाडायचं का, असं तिचं म्हणणं.

मी एकदा विचारलं. "टर्बो निवू देतोय," म्हणाला.

मग त्यानेच समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. वाया जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घ्यायची ही युक्ती आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली पेटंट करून ठेवली होती. छोट्या गाडीतली ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, आणि दमून घाट चढलेल्या पेट्रोल गाडीत धुराकडच्या बाजूचं लोखंड लालसुद्धा होतं. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा टेकतो कशावर, तर तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो; तापलेलं लोखंड मात्र त्याच्या सवडीने थंड होतं. मधे अडकलेलं तेल तिथल्या तिथे करपतं आणि त्याची काळी खरपुडी धरते. म्हणून जोरात पळून आलेल्या गाडीला थोडा वेळ उभ्याउभ्या चालू द्यायचं. वहिनीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जोरात कशाला पळवतो?" ह्याला ब्युखीकडेही उत्तर नसावं.

गाडी आहे अबार्थ पुंटो. २०१५ साली फियाटने आणलेली, १४५ अश्वशक्तीची, आणि बनलेली कुठे तर रांजणगावात. महागणपतीच्या रांजणगावात इटलीची गाडी जन्मते ह्याचं आमच्या घरात फार कौतुक झालं. वहिनीचं तेवढ्यापुरतं समाधानही झालं. पुतण्याने ती जुनी घेतली, पहिल्या मालकाने पोटच्या पोरागत सांभाळलेली. तोंडावर ढालीत विंचू आहे. कार्लो अबार्थ हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस, जन्म नोव्हेंबरातला, रास वृश्चिक, म्हणून १९४९ मध्ये कंपनी काढली तेव्हा त्याने राशीचंच चिन्ह लावलं. आपल्याकडे गाडीवर 'आईचा आशीर्वाद' लिहितात, फार तर वाघ काढतात. विंचू मुद्दाम मिरवणारा माणूस आमच्या सव गावच्या लोकांना अजून पटलेला नाही. पावसाळ्यात चपलेत पाय घालण्याआधी ती आपटून घेणारी ही माणसं. गाडीचं नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही, ती 'इंचवाची गाडी' झाली.

फियाटने आपल्या नावाच्या गाड्या इथे विकणं बंद करून काही वर्षं झाली. त्यामुळे ही गाडी बाळगणारी माणसं एकमेकांना धरून असतात. कोणाकडे फिल्टर असतो, कोणाकडे वॉशर, कोणाला एखादा जुना मेस्त्री ठाऊक असतो. पुतण्याने त्यातूनच हळूहळू हत्यारं जमवली आणि तेल स्वतः बदलायला लागला. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरलं की वॉचमन येऊन उभा राहतो. म्हणून ह्या वेळी शिमग्याला येताना डिकीत तेलाचा कॅन, फिल्टर आणि जॅक घेऊनच आला. गावात अंगण आहे, वेळ आहे, आणि विचारणारं कोणी नाही, असा त्याचा हिशोब.

विचारणारी त्याची आईच होती. शिमग्यात पालखी घरोघर येते, अंगणात नाचवतात. अंगण आदल्या दिवशी सारवलेलं, त्यावर रांगोळीची जागा ठरलेली. "तेलाचा एक थेंब इथं पडलेला मला दिसता कामा नये" एवढं बोलून ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली ती फ्रिजचं जुनं खोकं घेऊन. ते उघडून अंथरलं. त्यावर गोणपाट, त्यावर जुन्या पत्र्याचा तुकडा. एखाद्या बाळंतिणीच्या खोलीचीही एवढी तयारी मी पाहिलेली नाही. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांमागे दगड लावले, आणि जॅकखेरीज दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही, ह्या एका गोष्टीत माय-लेकांचं एकमत होतं.

चाचा आले ते ह्याच वेळी. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. हयात बोटीवर गेली. महाड, म्हाप्रळ, बाणकोट ह्या खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर गेली आणि त्यातली पुष्कळशी इंजिनरूममध्ये. चाचा ऑइलमन होते. जहाजाच्या पोटात, उन्हाचं तोंड न बघता, इंजिनाच्या कडेकडेने फिरत राहायचं, कुठे किती गरम झालंय, कुठून गळतंय, कुठला आवाज बदललाय ह्यावर लक्ष ठेवायचं. ते लुंगी सावरून गाडीशेजारी उकिडवे बसले आणि खाली वाकून म्हणाले, "टर्बो कुठं हाय रं ह्याचा?"

पुतण्याने टॉर्च मारून दाखवला. मूठभराहून थोडा मोठा. चाचा हसले. "आमचा माणसाच्या उंचीचा होता."

आम्हाला वाटत होतं की टर्बो नावाची चीज आमच्या वाडीत पुतण्याने आणली. ती चाचांच्या कानात आधीपासून शिट्टी घालत होती. ब्युखीचं यंत्र गाड्यांच्या फार आधी, १९२०च्या दशकात, जर्मन जहाजांवर चढलं. अमेरिकेतल्या एकाच कंपनीच्या दोन शाखांनी ते मोटारीत घालून विकायला काढलं १९६२ मध्ये. मग ट्रक आले, त्यांच्या तोंडावर 'टर्बो' रंगवलेलं असायचं आणि कशेडी चढताना ते लांबून ओळखू यायचे. चाचा सांगत होते, जहाजातला टर्बो मोठा म्हणून सावकाश फिरतो, मिनिटाला दहा-बारा हजार फेरे. आणि हा पोरट्या लाखावर जातो. जेवढं लहान, तेवढी घाई जास्त. हे वाक्य त्यांनी पुतण्याकडे बघून म्हटलं, असं मला वाटलं. त्याला वाटलं नाही.

तेलाच्या चेंबरचा नट सोडायच्या आधी इंजिन थोडं चालवून तेल कोमट केलं होतं. थंड तेल जाड असतं, तळाशी बसलेली घाण सोडत नाही. फार गरम असलं तर हात भाजतो. पान्याला एक झटका, मग बोटांनी फेरे. शेवटच्या फेऱ्याला नट आत दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा, म्हणजे तेल मनगटावरून कोपराकडे येत नाही. पुतण्याला ते जमलं. काळी धार आधी कमानीने लांब गेली, टबच्या काठाला टेकते की काय असं झालं, मी टब सरकवला. मग ती जवळ आली, सरळ झाली, बारीक झाली, तुटली, आणि थेंब सुरू झाले. नटाला चिकटून आलेला तांब्याचा वॉशर चपटा झाला होता. तो एकदाच वापरायचा असतो, त्याने चपटं होऊनच गळती थांबवायची असते.

"काळं किती झालंय," मी म्हणालो. चाचांना ते आवडलं नाही. "काळं झालं म्हणजे काम केलं. सोन्यावाणी राहिलं असतं तर मी घाबरलो असतो." इंजिनातली काजळी तेलाने अंगावर घ्यायची, ती कुठे बसू द्यायची नाही, आणि फिल्टरपर्यंत नाहीतर ह्या टबापर्यंत वाहून आणायची, हीच त्याची नोकरी.

थेंब पडत होते आणि अर्धा तास तरी पडू द्यायचे असं ठरलं. घाईच्या गॅरेजात एवढा वेळ कोणी देत नाही. आम्ही तिघं कुंडाकडे निघालो. सवचे गरम पाण्याचे झरे सावित्रीच्या काठालगत आहेत. अंगाला खाज, सांधे, काही ना काही घेऊन लोक लांबून येतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून थेट राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याला धरून असे झरे ओळीने निघालेत. इथे ज्वालामुखी जागा नाही. पाणीच भेगांतून खोल जातं, तिथल्या खडकाची ऊब घेतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोणाचं तरी तापणं दुसऱ्या कोणीतरी पोटात घेऊन बाहेर आणायचं, हे काम जमिनीखालीही चालू असतं. पुतण्याने हात बुडवून बघितले. नखांतलं तेल काही गेलं नाही. चाचा पलीकडे बसून नदीकडे बघत होते. शिमग्यातली सावित्री म्हणजे संथ पाणी, काठाला चिखल, आणि मगर दिसली का म्हणून एकमेकांना विचारणारी पोरं. मगरी खरंच आहेत.

ही नदी अशी दिसते तेव्हा तिच्यावर विश्वास बसत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महामार्गावरचा इंग्रजांच्या वेळचा पूल तिने दोन एसटी गाड्यांसकट नेला. आणि २२ जुलै २०२१ला ती महाडच्या बाजारपेठेत शिरली. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. त्या दिवसांबद्दल महाडात कोणी मोठ्या आवाजात बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. मला त्या पुरानंतरच्या आठवड्यातलं तेल आठवतं, एवढंच सांगतो. रिक्षा, टेम्पो, नव्या गाड्या, जुन्या मोटारसायकली, सगळ्या चिखलातून ओढून काढून गॅरेजांसमोर रस्त्यावर उभ्या केल्या होत्या, कित्येक गाड्यांचे दरवाजे उघडे, सीटा बाहेर वाळत. मेस्त्री लोक एकामागून एक नट सोडत होते. आणि खाली येत होतं ते काळं नव्हतंच. दूध जास्त झालेल्या चहासारखं, फेसाळ, फिकट. इंजिनात पाणी शिरून तेलात घुसळलं गेलं की ते तसं होतं. ते काढायचं, स्वस्तातलं तेल भरायचं, इंजिन हाताने फिरवून घ्यायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं, धार काळी-पिवळी येईपर्यंत. घाईने स्टार्टर मारला ते इंजिनाला मुकले. एक मेस्त्री, स्वतःचं घर पाण्यात गेलेला, दुसऱ्यांच्या गाड्यांखाली चिखलात उताणा पडून होता. त्याच्या शेजारी बसून रिक्षावाला नुसता धारेकडे बघत होता. चहाचा रंग गेला तेव्हा तो उठला.

परत आलो तर थेंब थांबले होते. चाचांनी आता कामाचा ताबा घेतला. टबात काडी बुडवली आणि म्हणाले, ब्लॉटिंग पेपर आणा. आजकाल कोणाच्या घरात ब्लॉटिंग पेपर असतो? शेवटी मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिकेचं पाकीट मिळालं, जाडसर, खरखरीत कागदाचं. त्यावर त्यांनी काडीवरचा एकच थेंब टेकवला आणि ते पडवीच्या कठड्यावर ठेवलं. कोणी बोललं नाही. थेंब पसरायला लागला. मधे गडद ठिपका, त्याभोवती करडं वर्तुळ, मग त्याच्याही बाहेर फिकट, तेलकट, कागदातून उजेड आरपार येईल असं कडं. जहाजावर असंच करायचे म्हणे. मधला ठिपका घट्ट काळा राहून बाहेर काहीच सरकलं नाही, तर तेल थकलं, काजळी धरून ठेवायची ताकद गेली. करडा रंग हळूहळू विरत बाहेर गेला, तर अजून जीव आहे. कडेला दातेरी काठ आला तर पाणी शिरलंय. चाचांनी पाकीट उचलून उजेडाला धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "अजून चाललं असतं," म्हणाले. मग पुतण्याचं तोंड बघून, "पण बदललंस ते बरं केलंस. हे लहान, ह्याचा काय भरवसा."

जहाजावर तेल बदलतच नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या इंजिनात हजारो लिटर तेल. ते काढून टाकणार कुठे? तिथे तेल धुतात. गरगर फिरणाऱ्या यंत्रातून ते रात्रंदिवस जातं, गाळ आणि पाणी वेगळं पडतं, तेल परत इंजिनात. कमी झालं की वरून थोडं नवं. म्हणजे चाचा बोटीवर चढले तेव्हाचं काही तेल ते उतरले तेव्हाही तिथंच फिरत असणार. बंदर लागलं की दार उघडून ते खालच्या पोकळीत उतरायचे, टॉर्च घेऊन. "तू गाडीच्या खाली गेलास. आम्ही इंजिनच्या पोटात जायचो," ते म्हणाले. आतलं लोखंड गरम, पायाखाली तेल, घसरलं तर धरायलाही तेलच. जगातली किती बंदरं पाहिलीत चाचा, असं लोक त्यांना विचारतात. ते नावं सांगतात, सांगून थांबतात. बंदरात जहाज उभं असतं तेव्हाच इंजिनाचं काम निघतं, हे विचारणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मग फिल्टर. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने नवं तेल चोळायचं, हाताने बसवायचा, पान्याने आवळायचा नाही. नवा वॉशर, नट. नट आवळताना पुतण्या दम धरून थांबला. चेंबर ॲल्युमिनियमचा असला तर जोर जास्त लागून आटे गेल्यावर सगळंच गेलं. कॅनवर लिहिलेलं होतं ५डब्ल्यू-४०. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा. तो इटलीतल्या तुरीनच्या हिवाळ्यासाठी. आमच्याकडे गोधडी दोनच महिने लागते. दुसरा आकडा तापल्यावरचा, तो मात्र आंबेनळी घाटासाठीच छापलाय म्हणायला हरकत नाही. नवं तेल मधाळ दिसतं हे खरं, पण ओतताना त्याचा आवाज होत नाही, ह्याचं मला नवल वाटलं. तीनेक लिटर तेल आत गेलं आणि कुठे काही वाजलं नाही. पट्टी बाहेर काढली, पुसली, घातली, काढली. दोन खुणांच्या मधोमध. इंजिन चालू केलं तेव्हा तेलाचा लाल दिवा जरा रेंगाळला आणि विझला. चाचा खाली वाकून नटाकडे बघत होते. कोरडा.

आता प्रश्न टबातल्या तेलाचा. इतका वेळ कुंपणापलीकडून बघणारी माणसं आत आली. एकाला गोठ्याच्या मेढींना वाळवी लागलीय, त्याला वाटीभर हवं. एकाचं स्लॅबचं काम चालू, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला. एकाला फाटकाच्या बिजागरीला. पूर्वी बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, एरंडेलात काजळी कालवलेलं. त्या पिढीला काळं तेल म्हणजे टाकाऊ असं कधी वाटलंच नाही. पुतण्या मात्र अडून बसला. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्यांकडेच द्यायचं, तो कॅनमध्ये भरून पुण्याला परत नेणार. मेढीला लावलेलं पावसात धुऊन शेवटी सावित्रीतच जाणार ना, असं त्याचं म्हणणं. "महाडच्या कारखान्यांखालची नदी, आणि तू वाटीभर तेलाचं काय सांगतोस?" असं कोणीतरी म्हणालं. ह्यावर बराच वाद झाला. दोन्ही बाजू मला पटत होत्या, आणि दोन्हींकडून माझ्याकडे बघत होते. मी कॅनला नरसाळं लावलं. वहिनीने तेवढ्यात एक वाटी गोठ्याकडे नेली होती हे मी पाहिलं, पुतण्याने पाहिलं नाही, किंवा पाहून तो गप्प राहिला.

खोकं, गोणपाट, पत्रा गोळा केला. अंगणात थेंब नव्हता. वहिनीने दोनदा वाकून बघितलं. पालखी खालच्या आळीत आल्याचे ढोल ऐकू यायला लागले होते, म्हणजे आमच्याकडे यायला अजून तासभर तरी होता. गाडी फळ्यांवरून उतरवून फाटकाबाहेर नेऊन ठेवायची एवढंच राहिलं होतं.

"पोलादपूरपर्यंत जाऊन यायचं का?" चाचा म्हणाले. "हायवेला नको. २०११पासून रुंद करतायत, अजून संपला नाय. आंबेनळीची दोन वळणं चढू नि फिरू. वरून कसा वाजतो ते मी कधी ऐकलंच नाय."

पुतण्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, पालखीच्या वेळी घरातला माणूस घरात पाहिजे, आणि तासात परत येतो असं सांगून गेलेलं कोणी तासात परत आलेलं तिने पाहिलेलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा त्याला." मी काय सांगणार होतो, मी मागच्या सीटवरचं सामान काढत होतो. चाचा तर पुढच्या सीटवर बसलेसुद्धा होते, लुंगी गुडघ्यापर्यंत गोळा करून, आणि हाताने खांद्यामागे चाचपत होते.

"पट्टा कुठं हाय रं ह्याचा?"